दुर्मिळ आहे हो, पण घेणारा कुठाय?

मागच्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहून गेलो, की माळ्यावर पोरांची जुनी खेळायची कार्डं सापडली तर रद्दीत घालण्याआधी एकदा कुणाला तरी दाखवा. झालं! नाण्यांचे आणि स्टॅम्पचे प्रश्न राहिले बाजूला, आणि बाणकोटपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्यांच्या माळ्यावरून कार्डंच खाली यायला लागली. म्हणून ह्या वेळी फक्त कार्डं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलं म्हणून कुणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न (देवगड): माझा चुलतभाऊ लहानपणी अमेरिकेत होता, त्याची पोकेमॉन कार्डं आमच्याच घरी राहिली. त्यात चॅरिझार्ड नावाच्या ड्रॅगनसारख्या पोकेमॉनचं एक कार्ड आहे, खाली ४/१०२ लिहिलंय. नेटवर कोणी ३ कोटी म्हणतं, कोणी ५ लाख. मुंबईतला एक कार्डवाला १२ हजार देतो म्हणाला. तो फसवतोय का? आणि विकायला किती दिवस लागतील?

उत्तर: फसवतोय असं लगेच म्हणू नकोस रे. ४/१०२ म्हणजे बेस सेट, पोकेमॉन कार्डांचा पहिला संच, इंग्रजीत जानेवारी १९९९ मध्ये आला तो. पण ह्या एकाच चित्राच्या तीन तऱ्हा आहेत आणि त्यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. चित्राच्या चौकटीच्या खाली डाव्या बाजूला 'एडिशन १' असा छोटा काळा शिक्का असेल तर ती पहिली आवृत्ती. शिक्का नाही पण चित्राच्या चौकटीच्या उजव्या कडेला सावलीही नाही, तर ती शॅडोलेस, म्हणजे मधली. सावली असेल तर ती अनलिमिटेड, म्हणजे भरपूर छापलेली. अजून एक खूण सांगतो, सगळ्यात खाली बारीक अक्षरात सालं छापलेली असतात, पहिल्या दोन तऱ्हांत ९५, ९६, ९८ च्या पुढे ९९ पण असतो, अनलिमिटेडमध्ये तो ९९ गायब होतो. भिंग घे आणि बघ.

ते ३ कोटीवालं कार्ड म्हणजे पहिली आवृत्ती आणि वर पीएसए ह्या ग्रेडिंग कंपनीनं, म्हणजे कार्डाच्या अवस्थेला मार्क देणाऱ्या कंपनीनं, दहापैकी दहा दिलेलं, ते मार्च २०२२ मध्ये ४ लाख २० हजार डॉलरला गेलं. तुझं कार्ड जर अनलिमिटेड असेल, भावानं शाळेत नेऊन खेळलेलं असेल आणि कोपरे पांढरे झाले असतील, तर त्याचा भाव काही शे डॉलरात येतो. नाव तेच, चित्र तेच, पण माल वेगळा.

दुसरं म्हणजे नेटवर तू बघितलास तो मागितलेला भाव. मागायला काय जातं? आमच्या शेजाऱ्यानं त्याच्या आंब्याच्या दहा कलमांची किंमत ५० लाख सांगितली म्हणून ती ५० लाखाची होत नाहीत. ईबे ह्या परदेशी विक्रीच्या साइटवर 'सोल्ड' असा फिल्टर असतो तो लावायचा, म्हणजे खरोखर विकली गेलेली कार्डं तेवढी दिसतात, आणि त्यातली तुझ्या कार्डासारखीच मळलेली, घासलेली अशी पाच-सहा काढून बघायची. एकच सगळ्यात महागडी विक्री बघून हुरळून जायचं नाही.

आता १२ हजाराचं. कार्डवाला कधीच पूर्ण भाव देणार नाही, त्याला ते ठेवायचंय, परत विकायचंय, मधे भाव पडला तर तोटा त्याचा. तिसरा हिस्सा कमी देतो, कधी निम्मं पण देतो. त्याच्या भावात तुला मिळतं काय तर आजच्या आज रोख. स्वतः परदेशात विकायचं म्हटलंस तर ईबे साधारण तेराएक टक्के कापून घेतं, वर पार्सल, वर विमा, आणि २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेनं ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलला असलेली ड्युटीमाफी काढून टाकली, तेव्हा मध्ये आपल्या डाक खात्यानं अमेरिकेची बरीचशी पार्सलं घेणंच थांबवलं होतं. तर हे सगळं वजा करून बघ आणि मग १२ हजार कमी वाटतात का ते ठरव. शिक्का निघाला तर मात्र त्याला फोन पण करू नकोस, आधी मला फोटो पाठव.

किती दिवस लागतील? अनलिमिटेड चॅरिझार्ड वाजवी भावात लावलंस तर दोन-तीन दिवस. ह्या कार्डाचा मोठेपणा हाच आहे, ते दुर्मिळ अजिबात नाही, पण तिशी-पस्तिशीतल्या जगभरच्या माणसांना ते लहानपणी हवं होतं आणि मिळालं नव्हतं.

प्रश्न (चिपळूण): मुलगा नववीत आहे. वाढदिवसाचे, गणपतीत मामानं दिलेले, सगळे पैसे कार्डांच्या पाकिटांत घालतो. एकेक पाकीट तीन-साडेतीनशेचं. ओरडलं की म्हणतो, आई ही इन्व्हेस्टमेंट आहे, दहा वर्षांनी बघ. काय करू?

उत्तर: ताई, ओरडू नका, छंद वाईट नाही, मोबाइलवर रात्रभर गेम खेळण्यापेक्षा बराच बरा. फक्त इन्व्हेस्टमेंट हा शब्द तेवढा त्याच्या तोंडून काढून घ्या.

पाकीट फोडलं की दहातली आठ-नऊ कार्डं बल्क निघतात, म्हणजे ती हजाराच्या गठ्ठ्यानं जातात, सुटी कोणी विचारत नाही. मोठं कार्ड निघणारं पाकीट शंभरात एखादं. सरासरी काढली तर पाकिटातून निघणारा माल पाकिटाच्या किमतीपेक्षा कमीचाच असतो, नाहीतर दुकानदारानंच सगळी फोडली नसती का? एखादं कार्ड हवंच असेल तर ते सुटं विकत घ्यावं, स्वस्त पडतं.

'दहा वर्षांनी बघ' हे कुठून आलं ते पण सांगतो, म्हणजे वाद घालायला बरं. अमेरिकेत टॉप्स नावाची कंपनी आहे, तिनं १९५२ मध्ये बेसबॉलची कार्डं काढली, त्यातला नंतर आलेला भाग सीझन संपत आल्यावर दुकानात पोचला आणि खपलाच नाही. गोडाऊन अडून राहिलं म्हणून १९६० मध्ये कंपनीच्याच माणसानं पेट्याच्या पेट्या बार्जवर घालून अटलांटिक समुद्रात बुडवल्या. त्या न खपलेल्या भागात मिकी मँटल ह्या खेळाडूचं ३११ नंबरचं कार्ड होतं, आणि त्यातलंच एक चांगलं राहिलेलं ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. बुडालेल्यांमुळे उरलेल्यांना किंमत आली. उरली ती सुद्धा पोरांनी सायकलच्या तारांत अडकवली, आयांनी फेकली. ठेवायचं म्हणून कोणीच ठेवलं नव्हतं.

मग झालं असं की ८० च्या दशकात हे भाव पेपरात यायला लागले आणि सगळ्या अमेरिकेनं बेसबॉल कार्डं पेट्यांनी विकत घेऊन ठेवायला सुरुवात केली, पोरांच्या कॉलेजला होतील म्हणून. कंपन्या काय मूर्ख आहेत? त्यांनी छापत सुटायचं ठरवलं. त्या काळाला तिकडे आता 'जंक वॅक्स'चा, म्हणजे मेणकागदाच्या पाकिटांतल्या रद्दीचा काळ म्हणतात, पेट्या अजून सीलबंद पडून आहेत आणि बऱ्याचशांना महागाई धरून मूळ किंमत पण येत नाही. सगळ्यांनी जपून ठेवलं की जपण्याला काय अर्थ राहतो सांगा.

आणि आज? पोकेमॉन कंपनीनंच दिलेला आकडा आहे, मार्च २०२४ ला संपलेल्या एका वर्षात त्यांनी ११.९ अब्ज कार्डं छापली. म्हणजे जवळजवळ १,१९० कोटी. मुलाला म्हणावं ह्यातली जपून ठेवणारी पोरं किती आणि सायकलला लावणारी किती ते काढ.

मी पण शहाणा नाहीये हो. २०२१ मध्ये लॉकडाऊनमुळे सगळं जग घरात बसून कार्डं घेत होतं, अमेरिकेत तर इतकं वेड की पार्किंगमध्ये मारामारी झाल्यावर एका मोठ्या दुकानसाखळीनं कार्डं विकणंच बंद केलं होतं, पीएसएनं ढीग साचला म्हणून नवीन घेणं थांबवलं. अशा वेळी आम्ही काय केलं तर एक सीलबंद बॉक्स चढ्या भावात घेतला, वर्षानं पोरीच्या ॲडमिशनला पैसे लागले म्हणून काढला तेव्हा साडेपाच-सहा हजाराचा खड्डा. बायको अजून घरी कोणी आलं की सांगते.

मुलाला एक काम द्या. सगळ्यात भारी वाटतं ते एक कार्ड त्यानं महिन्याभरात खऱ्या रोख पैशाला विकून दाखवायचं, मित्राला अदलाबदल करून नाही, पैशाला. विकलं तर त्याला बाजार कळला. नाही विकलं तरी कळलाच.

प्रश्न (वेंगुर्ला): आमचा काजूचा छोटा कारखाना आहे आणि मला फुटबॉल कार्डांचा नाद आहे. माझ्याकडे एका युरोपियन क्लबच्या डिफेंडरचं सहीवालं कार्ड आहे, मागे ३/५ छापलंय म्हणजे जगात पाचच. आठ महिने झाले ४० हजाराला लावलंय, लाइक येतात, घेत कोणी नाही. आणि माझ्या मित्राकडे नव्या स्टार पोरांची हजारोंनी छापलेली कार्डं आहेत ती लावली की दोन दिवसांत जातात! मग दुर्मिळ असून फायदा काय?

उत्तर: अहो, तुमच्याच कारखान्यात ह्याचं उत्तर पडलेलं आहे आणि तुम्ही मला विचारताय. डब्ल्यू १८० आणि डब्ल्यू ३२० मधला फरक तुम्हाला मी सांगायला नको, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगतो, पौंडात जास्तीत जास्त १८० गर बसले तर तो १८०, ३०० ते ३२० बसले तर तो ३२०. आकडा लहान तितका गर मोठा. १८० ला काजूचा राजा म्हणतात, भाव सगळ्यात जास्त, निघतो थोडाच. पण रोजच्या रोज व्यापारी फोन करून मागतो तो ३२०. उद्या सकाळी तुम्हाला कामगारांच्या पगाराला पैसे हवेत तर कुठला डबा उचलाल? ३२० चा! १८० ला तोच एक मिठाईवाला किंवा एक्स्पोर्टवाला गाठायला लागतो आणि तो गावाला गेला असेल तर बसा.

कार्डांत पण हेच. किती आहेत हा एक प्रश्न, आणि किती जणांना हवंय हा वेगळाच. ह्याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे १९०९ ते ११ मध्ये अमेरिकेत सिगरेटच्या पाकिटातून आलेला टी२०६ नावाचा बेसबॉल कार्डांचा संच. त्यातलं होनस वॅगनरचं कार्ड जगप्रसिद्ध, माहीत असलेल्या प्रती पन्नास-साठच्या घरात, २०२२ मध्ये एक ७२ लाख ५० हजार डॉलरला गेलं. आता त्याच संचात 'जो डॉयल' नावाच्या पिचरचं (बॉल टाकणाऱ्याचं) एक छपाईची चूक झालेलं कार्ड आहे, त्याची टीम चुकीची छापली गेली होती, आणि त्याच्या प्रती दहाच्या आसपासच. म्हणजे वॅगनरपेक्षा पाचपट दुर्मिळ! तरी भाव वॅगनरच्या जवळपास पण नाही. का? वॅगनर ज्याला बेसबॉल कळत नाही त्याला पण हवाय, डॉयल फक्त संच पुरा करणाऱ्याला हवाय.

उलट बाजूनं पण बघा. मॅजिक द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ १९९३ मध्ये आला, त्यातलं ब्लॅक लोटस नावाचं कार्ड घ्या. पहिल्या छपाईत प्रत्येक रेअर कार्डाच्या साधारण ११०० प्रती, आणि त्याच वर्षातल्या पुढच्या दोन छपाया धरल्या तर वीस हजारांच्या वर जातात. वीस हजार! तुमच्याकडे पाचातलं एक आहे. तरी ब्लॅक लोटस, अगदी मळलेलं सुद्धा, हजारो डॉलरला जातं आणि लगेच जातं, कारण खेळणारे लाखो आहेत आणि कंपनीनं १९९६ मध्ये एक यादी करून वचनच दिलंय की ह्या यादीतली कार्डं परत कधी छापणार नाही. त्याच्या आदल्या वर्षी जुनी कार्डं परत छापून बघितली होती, तेव्हा जमवणाऱ्यांनी केवढी बोंब मारली.

तुमच्या ३/५ बद्दल अजून एक अप्रिय गोष्ट आहे, ती पण बोलून टाकतो. हा दुर्मिळपणा उरलेला नाही, बनवलेला आहे. कंपनी एकाच खेळाडूचा एकच फोटो घेते आणि निळ्या चौकटीत ९९, केशरीत २५, सोनेरीत १०, अजून कसलीतरी ५ आणि शेवटी एकच, असं छापते. वर छपाईच्या ज्या चार रंगांच्या प्लेटा असतात त्या पण कापून पाकिटात घालते, प्रत्येकीवर १/१. म्हणजे जगात एकमेव असलेल्या चार वस्तू! आणि हे त्या संचातल्या सगळ्या खेळाडूंचं, दरवर्षी, चार-पाच वेगवेगळ्या संचांत. तुमच्या डिफेंडरची 'पाचच' कार्डं किती वेळा निघाली असतील ते मोजा, मग कळेल गिऱ्हाईक कुठे पांगलं ते.

१/१ चालतच नाही असं नाही हं. २०२३ मध्ये मॅजिकवाल्यांनी एका अंगठीचं एकच कार्ड काढलं, सगळं जग शोधत होतं, कॅनडातल्या एका दुकानात काम करणाऱ्याला सापडलं आणि पोस्ट मलोन ह्या गायकानं ते घेतलं, २० लाख डॉलर दिले असं सगळीकडे छापून आलं. पण तिथे शोधणारे आधी होते, कार्ड नंतर निघालं.

मग तुम्ही करायचं काय? पहिली गोष्ट, जनरल ग्रुपवर लावू नका. त्या क्लबच्या फॅन लोकांचे ग्रुप गाठा, त्या खेळाडूच्या देशातले गाठा, आणि एकाच खेळाडूचे सगळे रंग जमवणारे लोक असतात, 'रेनबो' पुरा करणारे म्हणतात त्यांना, त्यातला एक सापडला तर तो तुम्हाला मागाल ते देईल. पण तो एकच असणार. दुसरी गोष्ट, लिलावाला लावायचा मोह आवरा. मिरकरवाड्याच्या जेटीवर जाऊन बघा, सुरमईच्या ढिगाभोवती पंधरा जण ओरडत असतात तेव्हा लिलावात मजा आहे, पण न खपणारी मासळी घेऊन बसलेल्यापुढे एकच जण उभा असला की लिलाव कसला, तो म्हणेल तो भाव. परवा एक मालवणचा मित्र असाच १/१ घेऊन आला होता, मी किंमत विचारायच्या आधी तोच म्हणाला, "कार्ड एकच आसा, ता खरा, पण घेणारो खंय आसा?" त्याला सगळं कळलेलं होतं, फक्त विकत घेतल्यानंतर कळलं.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात चांगली वाट अदलाबदलीची. रोख ४० हजार कोणी देणार नाही, पण २५ हजाराची चालती कार्डं देणारा मिळेल, आणि ती पंचवीसची कार्डं तुम्ही महिन्याभरात मोकळी करू शकाल. ४० च्या कागदावर आठ महिने बसलात ते कमी झाले नाहीत का? आणि ४० हा आकडा तरी कुठून काढलात? मागची विक्रीच नाही ना कुठे. पाचांतलं एकही विकलं गेलं नसेल तर त्याला भाव नसतोच, फक्त अंदाज असतो, आणि अंदाज नेहमी विकणाऱ्याचा जास्त असतो.

प्रश्न (रत्नागिरी): माझ्याकडे ३० एक चमकीची चांगली कार्डं आहेत. ग्रेडिंगला पाठवू का? शिवाय पावसाळ्यात ती पापडासारखी वळलीत, त्याचं काय?

उत्तर: आधी वळल्याचं. चमकीच्या कार्डात एका बाजूला कागद आणि एका बाजूला फॉइल, कागद हवेतलं पाणी पितो आणि फुगतो, फॉइल पीत नाही, म्हणून कार्ड वाकतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे चपला पण बुरसतात तिथे कार्डाचं काय! स्लीव्हमध्ये, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या पाकिटात घाला, मग कडक प्लास्टिकच्या टॉपलोडरमध्ये, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आणि त्या पुड्या महिन्यातून एकदा बदला. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको. तांदळात अजिबात नको, कीड लागेल ती वेगळीच, कसर तर कार्डाच्या कडा कुरतडते. वळलेली हळूहळू सरळ होतात, पण इस्त्री करू नका, एकानं खरंच केली होती.

ग्रेडिंग म्हणजे काय तर पीएसए, बेकेट, सीजीसी असल्या कंपन्या कार्ड खरं आहे का बघतात, कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध आहे का ते बघून १ ते १० मध्ये मार्क देतात आणि प्लास्टिकच्या सीलबंद डबीत घालतात. विकायला ह्याचा खरा फायदा एवढाच की समोरच्याला तुमच्यावर विश्वास ठेवायला लागत नाही. रत्नागिरीत बसलेल्या माणसाचं कार्ड जपानमधला माणूस न बघता घेतो ते त्या डबीमुळे. म्हणजे विकलं जाण्याचा वेग वाढतो, किंमत वाढेलच असं नाही. ९ आला तर कित्येकदा कार्डाची किंमत अधिक ग्रेडिंगची फी तेवढेच सुटतात, ८ आला तर खिशातले जातात. आणि तुमची तर वळून गेलेली, दहा विसरा.

पाठवायच्या आधी त्या कंपनीचा पॉप्युलेशन रिपोर्ट बघा, फुकट असतो वेबसाइटवर. त्यात कुठल्या कार्डाला किती दहा दिलेत ते असतं. चालू वर्षातल्या कार्डाला दहा मिळालेली दहा-पंधरा हजार दिसली तर तुमचं एक अजून त्यात पडून काय होणार? आणि हा आकडा सहसा वरच जातो. ३० मधली दोन किंवा तीन निवडा, जी सुटी विकली तर ग्रेडिंग, जाणं-येणं आणि कस्टमच्या कटकटीच्या सगळ्या खर्चाच्या किमान तिप्पट येतील. बाकीची डब्यात.

प्रश्न (कुडाळ): ऑनलाइन कार्ड विकताना एकानं लगेच घेतो म्हणून क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करा पैसे येतील म्हणाला. बरोबर आहे का?

उत्तर: नाही. पैसे घ्यायला स्कॅन करायला लागत नाही आणि पिन टाकायला तर नाहीच नाही. पिन टाकलात की तुमचे गेले. ब्लॉक करा. भाव न करता जो पहिल्या मिनिटाला पूर्ण किंमत देतो त्याच्यापासून जरा लांबच, कार्डांच्या धंद्यात घासाघीस न करणारा खरा गिऱ्हाईक मी अजून बघितलेला नाही.

प्रश्न (दापोली): लहानपणीची कुस्तीची ट्रम्प कार्डं आणि वेफरच्या पाकिटातले टाझो (गोल चकत्या) आहेत, दोन डबे भरून. काही येईल का?

उत्तर: डबे आले तर बघा! चेष्टा जाऊ दे, पण सुटी ट्रम्प कार्डं ज्यांना हवीत त्यांच्याकडे स्वतःचे दोन डबे असतातच. पूर्ण संच, खोक्यासकट, कोपरे शाबूत असा असेल तर आठवणीपोटी घेणारे लोक आहेत आणि काही शे रुपये देतात. टाझोचं तसंच. पोरांना खेळायला द्या, निदान कोणी तरी बघेल.

प्रश्न (सावंतवाडी परिसर): प्रश्न थोडा वेगळा आहे. घरात आजोबांच्या वेळची गोल गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते आहेत, लाकडी पेटीत, दशावतारी. १११ पत्ते आहेत. एक माणूस बाहेरच्या देशात मोठी किंमत येते म्हणून मागतोय. देऊ का?

उत्तर: वेगळा कसला, माझ्या मते ह्या पानावरचा सगळ्यात कार्डांचाच प्रश्न हा आहे. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, म्हणजे १२० पत्ते. हातानं रंगवलेले, वर लाखेचं रोगण. विसाव्या शतकात ही कला जवळजवळ संपलीच होती, ७० च्या दशकात सावंतवाडीच्या राजवाड्यात राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी भोसले ह्यांनी म्हाताऱ्या चिताऱ्याला शोधून ती परत शिकवायला लावली, म्हणून आज निदान नवीन संच तरी बघायला मिळतो.

आता विकण्याचं बोलू. तुमचा संच शंभर वर्षांच्या वरचा निघाला तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतो, तो देशाबाहेर पाठवता येत नाही, देशातसुद्धा असल्या वस्तूंचा धंदा करायला लायसन लागतं. तेव्हा 'बाहेरच्या देशात मोठी किंमत' म्हणणाऱ्या माणसाला आधी लायसन दाखव म्हणा, बहुतेक परत येणारच नाही. कायद्यानं परदेशी गिऱ्हाईक गेलं की उरलं कोण? दोन-चार संग्राहक, एखादं म्युझियम, तेही सवडीनं आणि पूर्ण संच असेल तर. चॅरिझार्डसारखं तीन दिवसांत काही होणार नाही, तीन वर्षं पण लागतील. घाई असेल तर पडेल भावात जाईल, आणि घाई आहे असं पत्रावरून तरी वाटत नाही.

नऊ पत्ते कमी आहेत म्हणून कोणाकडून नवीन रंगवून घ्यायचे असतील तर जरूर घ्या, खेळायला होतील, पण ते वेगळ्या पिशवीत ठेवा, जुन्यांत मिसळलेत की नंतर बघणारा सगळ्याच संचावर शंका घेईल. जुन्या पत्त्यांना पुसायला ओलं फडकं लावू नका, रंग निघतो. आणि आधी घरात नीट शोधा, देवघराचा फडताळ, आजीची पेटी, असल्या ठिकाणी पत्ते हमखास निघतात. कुठल्या अवताराचे कमी आहेत ते मोजून कळवा, सगळे एकाच रंगाचे असतील तर कुणीतरी मुद्दाम काढून ठेवलेत.